ट्रेमोलो ब्रिजची जुळणी: स्ट्रॅटोकास्टरचा नाद खुलवण्यासाठी

मिरजेत कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत असताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तार घोडीवर कशी टेकते यावर निम्मा नाद ठरतो हे वेगळे सांगावे लागत नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत मात्र आवाज बोथट वाटू लागला की आपण आधी पिकअप, मग पेडल आणि शेवटी अ‍ॅम्प बदलायला निघतो, आणि ज्या ब्रिजवर सहाही तारा दिवसरात्र ताणलेल्या असतात त्याच्याकडे वळूनही पाहत नाही. या लेखात स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या ट्रेमोलो ब्रिजची जुळणी पहिल्या स्क्रूपासून सांगितली आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण या ब्रिजवरची प्रत्येक दुरुस्ती तिच्या आधीच्या दुरुस्तीवर उभी असते.

थोडे या यंत्रणेबद्दल. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार १९५४ साली बाजारात आली आणि तिच्या ब्रिजचे पेटंट लिओ फेंडर यांना १९५६ मध्ये मिळाले. त्याआधीच्या प्रायोगिक आराखड्यात तारा रोलरांवरून जाऊन मागे वेगळ्या पट्टीत अडकत; पण त्यात वस्तुमान फारसे नसल्यामुळे नाद लवकर विझू लागला आणि तो आराखडा सोडून द्यावा लागला. नव्या ब्रिजच्या पट्टीखाली म्हणूनच पोलादाचा जाड ठोकळा आला. तारांची टोके त्या ठोकळ्यात अडकतात आणि ठोकळ्याच्या दुसऱ्या टोकाला स्प्रिंगा लागतात, त्यामुळे एका बाजूला तारांचा ताण आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांचा ताण असा हा सरळ सरळ तराजू होतो. ब्रिजला लावलेला दांडा दाबला की तराजू एका बाजूला झुकतो आणि सहाही तारा एकदम उतरतात. स्वराची उंची बदलते, म्हणजे हे खरे तर व्हायब्रेटो आहे; ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या तीव्रतेची थरथर. गंमत अशी की फेंडरच्या अ‍ॅम्पवर मात्र खऱ्या ट्रेमोलोला व्हायब्रेटो म्हटलेले आढळते. नावांची ही अदलाबदल आता इतकी रुळली आहे की ती तशीच वापरलेली बरी.

लागणारे सामान

फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, अ‍ॅलन की, मिलिमीटरची पोलादी पट्टी, ट्यूनर, तारांचा नवा संच आणि मऊ पेन्सिल, एवढे पुरते. अ‍ॅलन कीबाबत सावध राहावे. अमेरिकी बनावटीच्या अनेक ब्रिजवर सॅडलच्या (प्रत्येक तार ब्रिजवर ज्या छोट्या तुकड्यावर टेकते त्याच्या) उंचीच्या स्क्रूंना ०.०५० इंचाची, म्हणजे १.२७ मिलिमीटरची की लागते, तर आशियाई बनावटीच्या बहुतेक गिटारींना १.५ मिलिमीटरची. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या संचात १.२७ सहसा नसते, आणि जवळपासची की कोंबून फिरवली तर त्या बारीक स्क्रूचे षटकोनी तोंड गोल होऊन बसते. मग तो काढताना जी दमछाक होते ती टाळण्यासाठी योग्य की आधीच मिळवून ठेवावी. मानेचा बाक मोजायला फीलर गेज हवे. दुचाकीच्या गॅरेजमध्ये टॅपेटची फट मोजायला वापरतात तेच चालते. याशिवाय बाद झालेली चार एटीएम कार्डे बाजूला काढून ठेवावीत. त्यांचे काम पुढे येईल.

तारा काढल्यावर आधी काय पाहावे

जुन्या तारा उतरवण्यापूर्वी ब्रिजच्या पट्टीच्या मागच्या बाजूखाली कापडाची घडी सारावी, नाहीतर तारांचा ताण जाताच स्प्रिंगा पट्टीला खाडकन खाली ओढतात आणि लाकडावर वण उठतो. गिटारच्या पाठीवरचे प्लास्टिकचे झाकण काढावे. आत स्प्रिंगा दिसतात आणि त्या ज्या नखांच्या पट्टीला अडकलेल्या असतात तिला क्लॉ म्हणतात. या क्लॉला एक बारीक वायर झाळलेली असते. ती तारांना अर्थिंग देते. ती तुटली तर अ‍ॅम्पमधून गुणगुण वाढते, म्हणून स्प्रिंगा काढताना तिला ताण बसू देऊ नये.

आता स्प्रिंगा आणि पुढचे स्क्रू काढून ब्रिज हातात घ्यावा. पट्टी आणि ठोकळा यांना जोडणारे तीन स्क्रू वरच्या बाजूला, सॅडलच्या खाली असतात. ते सैल असतील तर तारेचे कंपन ठोकळ्यापर्यंत नीट पोहोचतच नाही आणि खालच्या षड्जाला, म्हणजे जाड ई तारेला, एक प्रकारचा पोकळपणा येतो. अनेक गिटारींमध्ये हे स्क्रू अर्धा फेरा तरी सैल सापडतात. पट्टी आणि ठोकळा यांच्या मधली धूळ पुसून ते पक्के आवळावेत. नादाच्या दृष्टीने सगळ्यात जास्त फायदा देणारे आणि एक रुपयाही न लागणारे काम हेच आहे.

ठोकळ्याच्या धातूबद्दल गिटारवादकांत बराच वाद चालतो. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम, तर जस्ताच्या मिश्रधातूची सुमारे ६.६ ग्रॅम. म्हणजे एकाच मापाच्या दोन ठोकळ्यांत वजनाचा फरक पंधरा टक्क्यांच्या आसपास पडतो. स्वस्त गिटारींत मात्र ठोकळा पातळ आणि आखूडही असतो आणि तिथे हा फरक खूप मोठा होतो. माझ्या मते पातळ ठोकळ्याच्या जागी पूर्ण मापाचा बसवण्यात अर्थ आहे. पूर्ण मापाचा जस्ताचा ठोकळा असेल तर आधी बाकीची जुळणी करून कान देऊन ऐकावे आणि मगच खिशात हात घालावा.

सहा स्क्रू की दोन खांब

जुन्या पद्धतीचा ब्रिज पुढच्या कडेला सहा स्क्रूंवर तोललेला असतो. इथे होणारी चूक मी स्वतः केली आहे. माझ्या पहिल्या जुन्या स्ट्रॅटवरचे हे सहा स्क्रू थोडे वर राहिलेले दिसले तेव्हा ते सैल झाले असावेत अशा समजुतीने मी सगळे ताकद लावून आवळले. त्यानंतर काही महिने दांड्याला हात लावला की ‘जी’ (G) तार चढी राहायची आणि तारेला मींड दिली की ती उतरी राहायची, आणि दोष मी खुंट्यांना देत होतो. शेवटी ब्रिज काढला तेव्हा स्क्रूंच्या माथ्याखाली पट्टीवर चकचकीत चंद्रकोरी उमटलेल्या होत्या आणि पट्टीच्या पुढच्या कडेने लाकडावरचा रंग उडवला होता. पट्टीला झुलायला जागाच उरली नव्हती. ती स्वतःला वाकवून हलत होती.

योग्य रीत अशी. ब्रिज जागेवर बसवून सहाही स्क्रू हलके लावावेत, दोन स्प्रिंगा अडकवून पट्टी गिटारच्या अंगाला सपाट टेकू द्यावी. मधले चार स्क्रू त्यांचे माथे पट्टीपासून साधारण दीड मिलिमीटर वर राहतील इतके सोडावेत. बाहेरचे दोन स्क्रू हळूहळू आवळत न्यावेत आणि माथा पट्टीला टेकताच थांबावे. आणखी पाव फेरा दिला की पट्टीची मागची कड किंचित उचललेली दिसते. तसे झाले तर तो पाव फेरा परत घ्यावा. आता ब्रिज बाहेरच्या दोन स्क्रूंवर झुलतो आणि मधले चार त्याला फक्त जागेवर धरून ठेवतात. स्क्रूंच्या मानेला, जिथे पट्टी घासते तिथे, शिलाई मशीनच्या तेलाचा अर्धा थेंब पुरतो.

दोन खांबांच्या ब्रिजमध्ये पट्टीच्या कडेला सुरीसारखी धार असते आणि ती खांबांच्या खाचेत टेकते. खांबांची उंची अशी ठेवावी की पट्टी पुढून मागून गिटारच्या अंगाला समांतर राहील. हे खांब तारा पूर्ण ताणलेल्या असताना कधीही फिरवू नयेत. सुरीची धार खांबावर घासून बोथट होते, आणि एकदा ती बोथट झाली की ब्रिज मूळ जागी परत येणे कायमचे संपते.

तारा, स्प्रिंगा आणि चार कार्डे

आता तराजूचा प्रश्न. स्ट्रॅटची तारेची लांबी साडेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर असते. या लांबीवर १० ते ४६ जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागात) संच नेहमीच्या सुरात लावला तर सहा तारांचा मिळून ताण साधारण ४७ किलो होतो, आणि ९ ते ४२ च्या संचाचा सुमारे ३८ किलो. हा नऊ किलोंचा फरक स्प्रिंगांना भरून काढावा लागतो. म्हणून तारांची जाडी आधी ठरवावी आणि मग ती बदलू नये. तीन स्प्रिंगा दोन्ही संचांना पुरतात. फक्त जाड संचाला क्लॉचे स्क्रू लाकडात अधिक आत न्यावे लागतात.

नव्या तारा ओवताना तारेच्या टोकाचा गोळा ठोकळ्याच्या भोकात तळापर्यंत बसला आहे ना, हे तार ओढून पाहावे. वाटेत अडकलेला गोळा दोन दिवसांनी अचानक सरकतो आणि तार का उतरली ते कळत नाही. खुंटीवर दोन ते तीन वेढे पुरेसे आहेत.

यानंतर ब्रिज किती तरंगता ठेवायचा ते ठरवावे. फेंडरच्या शिफारशीनुसार जुन्या पद्धतीच्या ब्रिजची मागची कड गिटारच्या अंगापासून एक अष्टमांश इंच, म्हणजे ३.२ मिलिमीटर वर असावी. ही उंची डोळ्याने साधायला गेले तर फजिती होते. स्क्रू पिळावा, सहा तारा पुन्हा सुरात लावाव्यात, तोवर ब्रिज हलून उंची बदललेली असते, आणि या फेऱ्यात अख्खी दुपार निघून जाते. इथे ती कार्डे उपयोगी पडतात. प्रमाण मापाचे कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असते, म्हणजे चार कार्डे मिळून तीन मिलिमीटरच्या किंचित वर भरतात. चारही कार्डे एकावर एक ठेवून पट्टीच्या मागच्या कडेखाली सारावीत आणि क्लॉचे दोन्ही स्क्रू इतके आवळावेत की स्प्रिंगा पट्टीला कार्डांवर घट्ट दाबून धरतील. आता ब्रिज हलत नाही, म्हणून सहाही तारा एकदाच आणि शांतपणे सुरात लावता येतात. तारा हाताने हलक्या ओढून त्यांतला ढिलेपणा काढावा, पुन्हा सूर लावावा, आणि तार उतरणे थांबेपर्यंत हे करावे. मग क्लॉचे स्क्रू आळीपाळीने पाव पाव फेरा सोडत जावे. एका क्षणी कार्डांवरचा दाब सुटतो आणि ती बोटाने ओढताच अलगद बाहेर येतात. तिथेच थांबावे. तराजू समतोल झाला, आणि सूर तपासला तर तो जवळपास जसाच्या तसा सापडतो.

काही वादक क्लॉ किंचित तिरका ठेवतात, जाड तारांच्या बाजूचा स्क्रू जास्त आत. कारण त्या बाजूचा ताण अधिक असतो. दांडा वर ओढल्यावर ‘जी’ (G) तार तीन अर्धस्वर, बी तार दोन आणि बारीक ई तार एक अर्धस्वर चढावी अशी जुळणी या पद्धतीने साधता येते. हाताला सवय झाली की तारांच्या जोड्या सुरेल झुलवता येतात. सुरुवातीला मात्र क्लॉ सरळ असलेलाच बरा.

सॅडल: तार जिथे टेकते ती जागा

सॅडलला हात लावण्यापूर्वी मानेचा बाक ठीक करावा, कारण मान बदलली की खाली केलेले सगळे मोजमाप वाया जाते. पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून शेवटच्या फ्रेटवर जाड ई तार दाबावी आणि आठव्या फ्रेटपाशी फट मोजावी. ९.५ ते १२ इंच त्रिज्येच्या फलकाला (फ्रेट बसवलेल्या मानेच्या गोलसर पृष्ठभागाला) पाव मिलिमीटर आणि जुन्या ७.२५ इंची फलकाला ०.३ मिलिमीटर योग्य. मानेच्या आतला, बाक कमीजास्त करणारा ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये.

आता सतराव्या फ्रेटवर तारांची उंची मोजावी. ९.५ ते १२ इंची फलकावर दोन्ही बाजूंना १.६ मिलिमीटर, ७.२५ इंची फलकावर जाड बाजूला २ आणि बारीक बाजूला १.६ मिलिमीटर. मधल्या चार तारांनी फलकाची गोलाई पाळली पाहिजे. यासाठी विकतचे गेज नसेल तर जाड लग्नपत्रिकेवर कंपासने १८४ किंवा २४१ मिलिमीटर त्रिज्येचा कंस काढून, अंतर्वक्र तुकडा नव्हे तर बाहेर फुगलेला तुकडा कापावा आणि तो सॅडलजवळ तारांच्या खालून लावून पाहावा. हे माप सुरुवात म्हणून घ्यावे. ज्याचा हात जड आहे त्याने तारा पाव मिलिमीटर उंच ठेवल्या तर नाद मोकळा होतो, कारण फ्रेटला घासणारी तार आपली ऊर्जा त्या खरखरीत घालवते. तारा जमिनीला चिकटल्यासारख्या खाली आणून मग नाद टिकत नाही अशी तक्रार करणारे बरेच भेटतात.

प्रत्येक सॅडलला उंचीचे दोन स्क्रू असतात आणि ते दोन्ही पट्टीला घट्ट टेकले पाहिजेत. तार छेडून एकेका स्क्रूला की लावून पाहावी. ज्याला किंचितही प्रतिकार जाणवत नाही तो अधांतरी आहे. असा एक स्क्रू त्या तारेचा नाद अर्ध्यावर आणतो आणि वर बारीक किणकिण करत राहतो. सॅडल तिरके न ठेवता पट्टीला समांतर ठेवावेत.

तंबोऱ्याच्या जवारीत तार रुंद, किंचित उतरत्या पृष्ठभागावर लोळत जाते आणि त्यातून तो झणत्कार उठतो. गिटारला नेमके उलटे हवे असते. तारेने एकाच बिंदूवर स्वच्छ वळण घेऊन सॅडल सोडले पाहिजे. नवी तार, विशेषतः जाड तार, सॅडलवरून कमानीसारखी निघते आणि पहिल्या काही मिलिमीटरमध्ये ती कुठून कंप पावते हे तिलाच ठाऊक नसते. म्हणून सॅडलच्या अगदी पुढे अंगठ्याने तार एकदा हलकेच खाली दाबावी. हे करण्याआधी आणि केल्यावर तीच तार छेडून ऐकावी. खर्जातला धूसरपणा गेलेला लगेच कानाला जाणवतो. सॅडलवर जुन्या तारेने पाडलेली खोल खाच किंवा बारीक खरबरीत कण असतील तर १००० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक घडी करून ते गुळगुळीत करावे.

त्यानंतर बारावा फ्रेट, म्हणजे इंटोनेशन. तिथला हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसते टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर एक यायला हवा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे न्यावा, उतरा असेल तर पुढे आणावा. सॅडल सरकवण्याआधी तार थोडी उतरवावी आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा सूर लावून मगच मोजावे. तरंगत्या ब्रिजवर एक तार हलली की बाकीच्या पाचही हलतात, म्हणून इथे घाई चालत नाही.

नट, पिकअप आणि स्प्रिंगांचा गलका

खुंटी फिरवताना नटपाशी, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी, टिक् असा आवाज आला तर तार खाचेत अडकते आहे आणि ट्रेमोलो वापरल्यावर ती मूळ जागी परतणार नाही. तार बाजूला काढून ६बी पेन्सिलीचे टोक खाचेत घासावे. शिशाच्या नावाने ओळखले जाणारे ते ग्रॅफाइट उत्तम वंगण आहे. गिटारच्या डोक्यावर तारा खाली दाबून धरणाऱ्या स्ट्रिंग ट्रीखालीही तेच करावे.

तारा खाली आल्या की पिकअपची लोहचुंबके आपोआप जवळ येतात. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड ई तारेखाली २.४ आणि बारीक ई तारेखाली २ मिलिमीटर अंतर जुन्या पद्धतीच्या सिंगल कॉइल पिकअपसाठी योग्य. याहून जवळ नेले तर आवाज मोठा होतो हे खरे, पण चुंबक तारेला ओढू लागते, वरच्या फ्रेटवर जाड तारेचा एकच स्वर दोन बेसूर स्वरांसारखा डोलतो आणि माणूस विनाकारण इंटोनेशन दुरुस्त करत बसतो.

एक जोरकस कॉर्ड वाजवून तळहाताने तारा झटकन बंद कराव्यात. पाठीतून विहिरीत बोलल्यासारखा उरलेला आवाज ऐकू आला तर तो स्प्रिंगांचा. कित्येकांना तो स्ट्रॅटच्या स्वभावाचा भाग वाटतो आणि स्वच्छ आवाजात तो खरोखर गोड लागतो. जास्त गेन लावून तोडक्या लयीत वाजवणाऱ्याला मात्र त्याचा त्रास होतो. त्यांनी स्प्रिंगांवर फोमची पातळ पट्टी टाकावी.

दांडा खोबणीत खडखडत असेल तर आट्यांवर नळकामाच्या टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्यावेत. दांडा बदलताना मात्र आटे पाहून घ्यावेत, कारण अमेरिकी आणि आशियाई बनावटीचे आटे वेगळे असतात आणि जोर लावून घुसवलेला दांडा ठोकळ्याचे आटे कायमचे खातो.

ब्रिज टेकवून ठेवावा का?

ज्याला दांड्याची गरज नाही त्याने पाचही स्प्रिंगा लावून ब्रिज अंगाला टेकवून ठेवण्यात काहीच कमीपणा नाही. गिटारवादक एरिक क्लॅप्टन तर ठोकळ्यामागे लाकडाचा तुकडा बसवून ब्रिज पूर्ण अडवून वाजवत आले आहेत. टेकवलेल्या ब्रिजवर एका तारेला मींड दिल्यावर बाकीच्या उतरत नाहीत, एखादी तार तुटली तरी बाकी सुरात राहतात, आणि स्वराचा आघात थोडा टणक येतो. तरंगत्या ब्रिजवर त्या बदल्यात आंदोलन मिळते, स्वर श्वास घेतल्यासारखा हलतो आणि रागसंगीताच्या अंगाने वाजवणाऱ्याला आंदोलित गंधार किंवा धैवत काढायला फ्रेट आडवे येत नाहीत. मी तरंगताच ठेवतो. पण कार्यक्रमात एकच गिटार नेणाऱ्याला मी टेकवायला सांगेन.

मुंबईत, कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यापूर्वी आणि नंतर असे वर्षातून दोनदा मानेचा बाक मोजून पाहावा. ओल्या हवेत लाकूड फुगते, मान हलते, तारांची उंची बदलते, आणि दोष ब्रिजचा नसतानाही त्याच्याच स्क्रूंची पिळवणूक होते. खारी हवा आणि घाम यांमुळे सॅडलचे स्क्रू आतून गंजतात. दर दोन महिन्यांनी काडीच्या टोकाने मशीनच्या तेलाचा टिपूस लावावा, तेल तारांना आणि लाकडाला लागू देऊ नये. तारा बदलताना एकेक करून बदलल्या तर तराजू फारसा ढळत नाही. सगळ्या एकदम काढायच्या असतील तर चार कार्डे आधी पट्टीखाली सारावीत, आणि नवा संच वेगळ्या जाडीचा असेल तर क्लॉपासून पुन्हा सुरुवात करावी.